मुलांच्या घरात कुत्रं आणताना: आधी आजीला विचारा

गेल्या श्रावणात बेळगावच्या वडगावातल्या आमच्या गल्लीतला आठ वर्षांचा पोरगा वडिलांचा मोबाईल घेऊन माझ्याकडे आला. स्क्रीनवर निळ्या डोळ्यांचं हस्कीचं पिल्लू. "काका, हेच पाहिजे." मागे वडील उभे, अर्धे राजी. मी पोराला काहीच विचारलं नाही. त्याच्या आजीला हाक मारली, "काकी, दिवसभर घरात तुम्हीच असता ना? हे सोप्यात मुतलं तर फडकं कोण मारणार?" काकी म्हणाल्या, "मी नाही बाई!" हस्कीचा विषय तिथंच मिटला.

कुत्र्याचा हट्ट मुलं धरतात, पैसे बाप देतो आणि सांभाळायला लागतं घरात असणाऱ्या माणसाला. आपल्याकडे ती बहुतेक आई किंवा आजी. शिवाय मध्यम बांध्याचं कुत्रं दहा-बारा वर्षं जगतं, गावठी तर कधी चौदा-पंधरा. आज आठ वर्षांचा पोरगा तेव्हा वीस वर्षांचा होऊन पुण्याला नाहीतर बेंगळुरूला गेलेला असेल. कुत्रं बेळगावातच, आईच्या पायाशी. म्हणून मुलांसाठी कुत्रं निवडायचं म्हणजे मुलांच्या आईवडिलांना पुढची बारा वर्षं झेपेल असं निवडायचं. हा हिशेब डोक्यात ठेवून पुढं वाचा.

घरातला दिवस कागदावर मांडा

जातीचं नाव काढण्याआधी एका रविवारी सगळ्यांनी बसून वहीच्या पानावर आपला रोजचा दिवस लिहा. पहाटे कोण उठतं, शाळेची गाडी किती वाजता येते, दुपारी घराला कुलूप असतं का, संध्याकाळी ट्यूशन कुठं. मग त्याच पानावर कुत्र्याची कामं बसवा. दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून चार वेळा खाऊ घालावं लागतं. उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर प्रत्येक वेळी बाहेर न्यावं लागतं. मोठ्या कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ मिळून निदान तासभर फिरवणं आलं. ते जूनच्या झडीतही चुकत नाही.

पानावर नाव कोणाचं बसतंय ते बघा. सगळीकडे "सोनू करेल" असं लिहिलं असेल तर पान फाडून परत लिहा. दहा वर्षांखालच्या मुलाकडे पाणी भरण्याचं, भांडं धुण्याचं, केस विंचरण्याचं काम द्यावं. जबाबदारी मोठ्यांचीच. घर सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा बंद राहत असेल तर पिल्लू आणूच नका. आणायचंच असेल तर दीड-दोन वर्षांचं, शी-शूची सवय लागलेलं कुत्रं बघा.

घरात कोणाला दमा किंवा केसांची ॲलर्जी असेल तर कुत्रं असलेल्या नातेवाइकांच्या घरी त्या माणसाला तीन-चारदा तासभर बसवून आणा. "या जातीचे केस गळत नाहीत" असं विकणारा म्हणेल. ॲलर्जी नुसत्या केसांनी होत नाही, लाळेनं आणि कातडीच्या कोंड्यानंही होते.

जागा आणि पाऊस

आपला मुलूख एकसारखा नाही. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे चार महिने भिंतींना ओल असते, तर अथणी-रायबागला एप्रिल-मेमध्ये अंगण तव्यासारखं तापतं. बेळगाव शहर मधलं. हवा थंड, पण पावसाळा लांबलेला. दाट, लांब केसांचं कुत्रं खानापुरात ओलं राहून कातडीच्या बुरशीनं हैराण होतं आणि चपट्या नाकाचं पग अथणीच्या उन्हात धापा टाकतं. त्याला घाईनं चालवलं तर उष्माघात व्हायला वेळ लागत नाही. हस्की आणि सेंट बर्नार्ड ही बर्फाची कुत्री. त्यांच्यासाठी दिवसभर एसी लावायची तयारी नसेल तर फोटोवर समाधान माना.

शहापूर-वडगावात घरं एकमेकांना चिकटून. भिंत एक, गटार एक, आवाजही एक. शेजाऱ्याच्या घरात मागाचा खडखडाट दिवसभर चालतो. तो ऐकत वाढलेलं पिल्लू महिन्यात सरावतं, पण दोन वर्षांचं बुजरं कुत्रं आणलं तर बाजेखालून बाहेर यायचं नाही. आपल्याच घरात माग असेल तर त्या खोलीला फळी लावा. पिल्लू सुतात गुंतलं तर सूतही जातं आणि पायही. टिळकवाडीच्या फ्लॅटमध्ये वेगळीच अडचण: बाल्कनीच्या गजांमधून पिल्लाचं डोकं जातं. जाळी आधी मारा.

मळ्यात घर असलेल्यांना जागेची चिंता नाही, पण खानापूरच्या जंगलाकडेला बिबट्या आहे आणि बांधलेलं कुत्रं त्याला सोपं भक्ष्य. हे जंगलापुरतंच असंही नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये बेळगावच्या गोल्फ मैदानात बिबट्या दिसला आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. तेव्हा "राखणीला" म्हणून कुत्रं रात्री गोठ्याबाहेर साखळीला बांधायचा बेत असेल तर तो सोडा. रात्री कुत्रं दाराच्या आत.

मूल किती मोठं

मूल पाच वर्षांखालचं असेल तर माझा सल्ला थांबा असाच. या वयात पोर कुत्र्याचं शेपूट ओढणार, कानात बोट घालणार, खाताना ताटात हात घालणार, आणि पिल्लू दुधाच्या दातांनी तिच्या पोटऱ्या ओरबाडणार. दोघंही लहान, दोघांनाही कळत नाही. थांबणं जमत नसेल तर लहान मुलांत वाढलेलं, शांत, मोठं कुत्रं घ्या, आणि दोघांना एका खोलीत एकटं सोडू नका. भाजी ढवळायला जाण्याइतका वेळसुद्धा नाही.

सहा ते दहा हे शिकवायचं वय. त्याच्या पुढची मुलं खरी उपयोगी पडतात. तरी पंचवीस-तीस किलोचं कुत्रं बारा वर्षांच्या पोराला रस्त्यावर सहज ओढून नेतं. कुत्र्याचं वजन पोराच्या निम्म्याहून जास्त असेल तर दोरी मोठ्याच्या हातात, असा आमच्या घरचा नियम.

आता जात

आपल्या भागात सर्रास दिसणाऱ्या आणि मागितल्या जाणाऱ्या कुत्र्यांबद्दलच बोलतो.

लॅब्राडोर मुलांच्या घरात सगळ्यात जास्त खपतं, आणि कारणही खरं आहे. स्वभावानं लोभस, माणसांत रमणारं, शिकायला तयार. पण ते पंचवीस ते छत्तीस किलोचं होतं, पहिली दोन वर्षं धसमुसळं असतं आणि शेपटीच्या एका फटक्यात चहाचे कप खाली येतात. खाणं कधी पुरे म्हणत नाही. घरातला प्रत्येक जण थोडं थोडं घालतो आणि तीन वर्षांत कुत्र्याचा गादीचा गठ्ठा होतो. मग खुब्याची दुखणी सुरू. कोरडा खुराक दिला तर महिन्याला साधारण दहा-बारा किलो लागतो. दुकानात किंमत विचारून बाराने गुणा आणि मग ठरवा. गोल्डन रिट्रीव्हर स्वभावानं तसंच, केसांचं काम मात्र दुप्पट. पावसाळ्यात रोज पुसून कोरडं करायला माणूस पाहिजे.

"पामेरियन" म्हणून जे पांढरं कुत्रं आपल्याकडे घरोघरी आहे ते बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतं. आपल्या हवेत टिकतं, कमी खातं, फ्लॅटमध्ये मावतं. आजीला फार आवडतं, कारण दारात कुणी आलं की आधी हेच सांगतं. पण अंगचटीला आलेल्या लहान पोराला चटकन फटकारतं आणि भुंकणं थांबवत नाही. मुलं शांत, सात-आठ वर्षांच्या पुढची असतील तर घ्या.

जर्मन शेफर्ड हुशार, पण त्याला रोज काम लागतं. काम नसलं की ते स्वतः शोधतं, म्हणजे कुंपण, चपला, पोस्टमन. डॉबरमन आणि रॉटवायलर मळ्यावरच्या अनुभवी माणसाकडे ठीक. पहिलंच कुत्रं आणि घरात लहान मुलं असतील तर नको. पिटबुलचंही तेच. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारनं तेवीस जातींवर बंदी सुचवणारं परिपत्रक काढलं होतं आणि एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ते रद्द केलं. विकणारा हा निकाल दाखवून "आता चालतंय" म्हणेल. कायद्यानं चालतं म्हणून पाळण्याशेजारी चालतंच असं नाही.

मुधोळ या शिकारी कुत्र्याबद्दल सविस्तर लिहायलाच पाहिजे. ही आपल्या शेजारची जात. बागलकोट जिल्ह्यातलं मुधोळ बेळगावपासून शंभरेक किलोमीटरवर. महाराष्ट्रात याच कुत्र्याला कारवानी म्हणतात. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जोपासली. २००५ साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली त्यात हे होतं, आणि २०१६ मध्ये लष्करानंही चाचणीसाठी मेरठला पिल्लं नेली. मुधोळजवळ तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे. तिथं नाव नोंदवून पिल्लू मिळतं. त्यासाठी थांबावं लागलं तरी थांबा.

आता घरात हे कसं असतं ते सांगतो. माझ्या मेहुण्याच्या मळ्यात एक मादी आहे. घरातल्या पोरांत ती मऊ. पायाशी येऊन बसते, पण कुणी मिठी मारली की हळूच मान काढून घेते. पाहुण्यांनी डोक्यावर हात ठेवलेला तिला खपत नाही. ती भुंकत नाही, उठून दुसऱ्या खोलीत जाते. दिवसभर झोपते. आणि बांधावर कोंबडी दिसली की बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. तेव्हा हाक मारून काही उपयोग नाही, तिच्या कानापर्यंत ती पोचतच नाही. मेहुण्यानं गावात चार कोंबड्यांचे पैसे भरलेत. म्हणजे मुधोळला कुंपणाची जागा आणि रोजची मोकळी धाव पाहिजे. शेजारी शेळ्या-कोंबड्या-मांजरं असतील तर पक्की दोरी. कातडी पातळ असल्यानं काटेरी तारेवर लगेच फाटते. आणि बरगड्या दिसणं हा त्याचा बांधाच आहे. गल्लीतले लोक "उपाशी ठेवता का हो?" म्हणतील, त्यांचं ऐकून तूप-भात घालू नका. मळ्यातल्या दहा वर्षांपुढच्या मुलांना हे कुत्रं छान. गल्लीतल्या दोन खोल्यांत नको.

आणि गावठी. खरं सांगायचं तर दहातल्या सहा घरांना मी गावठीच सुचवतो. इथल्या पावसाला, उन्हाला पिढ्यान् पिढ्या सरावलेलं, आखूड केसांचं, पंधरा-वीस किलोचं, खुब्याची-श्वासाची वंशानं आलेली दुखणी क्वचित. घरातलं उरलंसुरलं खाऊन जगतं असं मात्र समजू नका. चांगलं खाणं आणि लशी त्यालाही तेवढ्याच लागतात. रस्त्यावरच्या विणीतलं पिल्लू उचलताना त्याची आई माणसांशी कशी वागते ते आठवडाभर बघा. ती गल्लीतल्या पोरांच्या हातून पोळी घेत असेल तर पिल्लूही बहुतेक तसंच निघेल. हस्की मागणाऱ्या पोरासाठी आम्ही शेवटी हेच केलं. दहा महिन्यांची, नसबंदी झालेली पिवळी मादी. तिला आजीनंच पसंत केलं, कारण ती उंबऱ्यावर थांबली, आत घुसली नाही.

पिल्लू बघायला जाताना

माझी स्वतःची चूक सांगतो. बारा वर्षांपूर्वी मुलीसाठी स्पिट्झचं पिल्लू घेतलं. विकणारा म्हणाला पंचेचाळीस दिवसांचं आहे, लस दिलीय. रस्त्याच्या कडेला टोपलीतून काढून हातात दिलं. आई दाखवली नाही, मीही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी पिल्लानं खाणं सोडलं, मग उलट्या आणि रक्ताची हगवण. पार्व्हो, पिल्लांना होणारा विषाणूचा रोग. डॉक्टरांनी दात बघून सांगितलं, हे महिन्याचंही नाही. पाच सलाईनी झाल्या, सातव्या दिवशी गेलं. मुलीनं त्यानंतर दोन वर्षं कुत्र्याचं नाव काढलं नाही.

त्यामुळं माझा नियम: आई बघितल्याशिवाय पिल्लू नाही. आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांनुसार बंदीच आहे, आणि पैदास करणाऱ्याकडे राज्याच्या पशुकल्याण मंडळाची नोंदणी लागते. कागद मागा. "कागद नंतर देतो" म्हणाला तर गाडीला किक मारा.

पैदास करणाऱ्याच्या घरी गेल्यावर आधी जागेचा वास घ्या. मग आई. ती अनोळखी माणसाला बघून कोपऱ्यात दबते का, गुरगुरते का, की जवळ येऊन हुंगते? पिल्लांचा अर्धा स्वभाव तिथंच कळतो. पिल्लं पहिले बारा-चौदा आठवडे जे बघतात-ऐकतात तेच त्यांना पुढं नेहमीचं वाटतं. म्हणून घरात, माणसांत, भांड्यांच्या आवाजात वाढलेली पिल्लं मागच्या शेडमधल्या पिल्लांपेक्षा कधीही बरी.

एकेक पिल्लू बाजूला घ्या. डोळे-नाक स्वच्छ, हिरड्या गुलाबी, शेपटीखाली चिकट नाही, पोट ढोलासारखं फुगलेलं नाही. फुगलेलं असेल तर जंत आहेत. नंतर माझी किल्लीची परीक्षा: किल्ल्यांचा जुडगा तीन-चार हातांवर जमिनीवर टाका. पिल्लू दचकेल, ते ठीक. दचकून मग हुंगायला आलं तर मुलांच्या घराला चालेल. पळून कोपऱ्यात गेलं आणि परत आलंच नाही तर नको. मग पाठीवर हलकेच आडवं धरा. थोडं हातपाय झाडून सैल पडणारं चांगलं. शेवटपर्यंत चावत झगडणारं लहान मुलांना नको. पोरांना दोन पिल्लं भांडताना जो जिंकतो तोच आवडतो. तो तर नकोच. कोपऱ्यातल्या बिचाऱ्याची दया येते, तोही नको. मधलं घ्या. मुलांना पहिल्या फेरीला नेऊच नका, नेलं की विचार संपतो.

नर की मादी यात मुलांच्या दृष्टीनं फार फरक नाही. मादी वर्षातून साधारण दोनदा माजावर येते आणि तेव्हा गल्लीतले सगळे नर दारात. नसबंदी केली की प्रश्न मिटतो. कधी करायची ते जात बघून डॉक्टर सांगतील.

घरी आल्यावर

पहिल्या दोन दिवसांत जनावरांच्या दवाखान्यात न्या आणि लशींचं कार्ड घ्या. सहा-आठ आठवड्यांना पार्व्हो-डिस्टेंपरची एकत्र लस, ती तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं चार महिन्यांपर्यंत परत, आणि तीन महिन्यांना रेबीजची, पुढं डॉक्टर सांगतील तसा बूस्टर व दरवर्षी. भातशेती आणि उंदीर यांमुळं आपल्याकडे लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या रोगाची, लसही विचारून घ्या. तो रोग माणसांनाही होतो. जंताचं औषध चुकवू नका, पोरं त्याच मातीत खेळतात. पावसाळा सरताना गोचीड येतात. कानाच्या आत आणि बोटांच्या फटीत रोज बघा. गुरांवर मारायचं गोचीडाचं औषध अंदाजानं पिल्लाला लावू नका, त्यानं पिल्लं दगावतात.

खाण्यात भात किंवा नाचणीची अंबील, उकडलेलं अंडं, कोंबडी, थोडं दही. मीठ-मसाला नको. कांदा-लसूण, चॉकलेट, शिजवलेली हाडं आणि अथणीकडून येणारी द्राक्षं-बेदाणे हे सगळं बंद. कुंदाही नाही, कितीही डोळे करून बघितलं तरी.

शिकवायचा शब्द घरात सगळ्यांचा एकच ठरवा. आमच्या गल्लीत पोरगा "बस" म्हणतो, शेजारची अक्का कन्नडमध्ये "कूतको" म्हणते, बाप इंग्रजीत काहीतरी. पिल्लू तिघांकडे बघत उभंच राहतं. मोठं झालं की दोन्ही भाषा कळतात. आधी एक शिकू द्या.

दिवाळीच्या आठवड्यात किंवा गणपतीच्या तोंडावर पिल्लू आणू नका. डॉल्बीच्या आवाजानं घाबरलेलं पिल्लू आयुष्यभर घाबरतं. वैशाखातली शिवजयंतीची मिरवणूक दारावरून जात असेल तर त्या रात्री कुत्रं आतल्या खोलीत, खिडकी बंद, एक माणूस सोबत.

मुलांना काय शिकवायचं

खाताना आणि झोपताना हात लावायचा नाही. मिठी मारायची नाही. आपण जायचं नाही, ते आपल्याकडे आलं पाहिजे. तीन सेकंद खाजवायचं, थांबायचं, परत आलं तर परत. एवढं सहा वर्षांच्या पोराला आठवड्यात जमतं.

मोठ्यांनी बघायचं ते वेगळं. कुत्रं जांभई देतंय, ओठ चाटतंय, मान फिरवून डोळ्याच्या कोपऱ्यातून पांढरं दाखवतंय, अंग ताठ करतंय, याचा अर्थ त्याला पुरे झालंय. पोराला तिथून उचला. गुरगुरलं म्हणून कुत्र्याला मारू नका. मार खाल्लेलं कुत्रं गुरगुरणं सोडतं आणि पुढच्या वेळी न सांगता चावतं.

ओरखडा असो की दात लागलेला, घरचं असो की रस्त्यावरचं, जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून. चुना, हळद, मिरची काही भरायचं नाही. लगेच दवाखान्यात. बेळगावात बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं जिल्हा रुग्णालय आहे, इतरत्र तालुक्याचा सरकारी दवाखाना. रेबीजच्या पहिल्या सुईनंतर बरं वाटतंय म्हणून पुढच्या तारखा सोडायच्या नाहीत, आणि रक्त आलं असेल तर जखमेत द्यायच्या इम्युनोग्लोब्युलिनबद्दल (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) स्वतः विचारायचं.

एक बोलणं मात्र पिल्लू हातात घेण्याआधी करून टाका: पंधरा दिवसांत जमलं नाही तर परत घेणार का? हो म्हणणाऱ्याकडूनच घ्या. चोर्ला घाटाच्या रस्त्यावर गळ्यात पट्टा असलेली कुत्री येणाऱ्या प्रत्येक गाडीमागे पळताना दिसतात, ती असं बोलणं न करता आणलेली असतात.